एकट्याने परदेश पाहायचा तर एक प्रश्न घेऊन जा
(ऊस उत्पादक सभासदाने मॉरिशसची आठवडाभराची वारी कशी आखावी?)



गळीत हंगाम आटोपला, की काट्यावरची गर्दी ओसरते आणि आपल्या मंडळींच्या गप्पांना बहर येतो. हल्ली या गप्पांत परदेशाचा विषय हमखास निघतो. कोणाचा मुलगा पुण्याहून परस्पर अमेरिकेला गेलेला असतो, कोणी कृषी खात्याच्या अभ्यास दौऱ्यात चार देश पाहून आलेला असतो. मग एखादा सभासद हळूच विचारतो, "काहो, आपल्यासारख्याले एकट्यानं जाता येते काय तिकडं? अन् गेलो, तर पाहाचं काय?"

या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर सोपे आहे. जाता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र घरूनच ठरवून निघावे लागते, आणि आमच्या मते सारे नियोजन तिथूनच सुरू होते.

गटाच्या दौऱ्याला आमचा विरोध नाही. सोबत असते, काळजी कमी असते. पण गटात घड्याळ दुसऱ्याचे असते. एखाद्या उसाच्या फडापाशी थांबून, "भाऊ, पाणी किती पाळ्या देता?" असे विचारावेसे वाटले, तोवर गाडीचा भोंगा वाजतो. एकटा माणूस मात्र थांबू शकतो, पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर जाऊ शकतो. भीती असते ती भाषेची, पैशाची, कागदांची आणि घरच्या कामाची. या चारही गोष्टी निघायच्या आधी, घरच्या ओट्यावर बसून मिटवता येतात.

वऱ्हाडाला ही वाट नवी नाही

अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९०८ साली विलायतेला गेले. लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली होती आणि त्यांचे प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे न्यायचे होते. पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली शिकायला गेले आणि १९२६ साली परत आले. पुढे देशाचे कृषिमंत्री झाल्यावर त्यांनी १९५९-६० साली दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. जगाची शेती पाहायला आपल्या शेतकऱ्याला परदेशी जाता येत नाही, तर जगच त्याच्यापुढे आणून मांडावे, असा तो खटाटोप होता. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी गेले आणि आपले देशी खेळ तिथे करून दाखवले.

यात सहल म्हणून कोणीच गेले नव्हते. प्रत्येकाजवळ एक काम होते, आणि त्या कामावरून कुठे उतरायचे, कोणाला भेटायचे, किती दिवस राहायचे हे ठरले. आपल्या आठवड्याच्या वारीलाही हाच नियम लावावा.

देश कोणता निवडावा?

पहिल्यांदाच एकटे जाणाऱ्या ऊस उत्पादकाला आम्ही मॉरिशस सुचवतो. देश अगदी लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एका अमरावती जिल्ह्यात असे सहा देश मावतील. लोकसंख्या तेरा लाखांच्या आत. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. मुंबईहून विमान साडेसहा तासांच्या आत पोचते आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे आहे.

दुसरे म्हणजे हा देशच उसावर उभा राहिला. डच लोकांनी १६३९ साली जावा बेटावरून तिथे ऊस आणला. पुढे इंग्रजी अमलात गुलामगिरी बंद झाली, तेव्हा मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसे पोर्ट लुई बंदरात उतरली. त्यांत मुंबईहून गलबताने गेलेली आपली कोकणाकडची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज तिथले नागरिक आहेत. घरी बहुतेक क्रिओल बोलतात, पण मराठी तिथल्या शाळांत शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. परका देश खरा, पण पार अनोळखी नव्हे.

मग प्रश्न कोणता घेऊन जावा?

आमच्या मनात आहे तो प्रश्न असा: हमीचा भाव गेल्यावर तिथल्या लहान ऊसवाल्याने काय केले?

याचे कारण सांगतो. मॉरिशसच्या साखरेला युरोपच्या बाजारात १९७५ पासून कराराने ठरलेला कोटा आणि चांगला भाव मिळत होता. १९७३ साली तर बेटाने सात लाख टनांवर साखर काढली होती. पुढे युरोपने २००६ पासून टप्प्याटप्प्याने भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ साली तो करारच संपला. एका पिकावर अन् एका गिऱ्हाइकावर विसंबलेल्या देशाच्या पायाखालची जमीन सरकली. १९७०च्या दशकात वीसएक कारखाने चालत होते. आज फक्त तीन उरले आहेत आणि साखर अडीच लाख टनांच्या आसपास येऊन ठेपली आहे. हजारो लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडून दिला.

पण जे उरले, ते कसे उरले, हे पाहण्यासारखे आहे. कारखान्यांनी बगॅसवर वीज करून विकली. कच्ची साखर परदेशी धाडण्याऐवजी शुद्ध साखर आणि निरनिराळ्या प्रकारची तपकिरी साखर करून विकायला सुरुवात केली. लहान शेतकऱ्यांच्या काही सहकारी संस्थांनी 'फेअरट्रेड'चे प्रमाणपत्र मिळवले, म्हणजे ठरावीक नियम पाळून पिकवलेल्या उसाच्या साखरेवर गिऱ्हाइकाकडून वाढीव रक्कम घेतली.

वऱ्हाडात सहकारी साखर कारखाने मोठ्या उमेदीने उभे राहिले आणि त्यांतले बरेच बंद पडले किंवा विकले गेले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. कारखाना बंद पडला, की शेअरचा कागद पेटीत राहतो आणि ऊस शेतात वाळतो. त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही. त्याचे उत्तर एखाद्या मोठ्या साहेबाच्या भाषणापेक्षा तिथल्या दोन-तीन एकरवाल्याच्या तोंडून ऐकलेले बरे. तुमचा प्रश्न वेगळा असू द्या. ठिबकचा असेल, तोडणी यंत्राचा असेल, नाहीतर तिकडल्या मराठी माणसाने आपली भाषा कशी टिकवली, हा असेल. मात्र तो एकच असावा आणि कागदावर लिहिलेला असावा.

केव्हा जावे?

प्रश्न ठरला की महिना आपोआप ठरतो. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथला हंगाम आपल्या उलट आहे. आपला कारखाना बंद असतो तेव्हा त्यांचे गाळप चालते, साधारण जून ते नोव्हेंबर-डिसेंबर. जून-जुलैत आपण पेरणी-डवरणीत अडकलेले असतो. ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणीला येते, मागोमाग कापसाचा वेचा सुरू होतो. म्हणजे पोळा झाल्यानंतरचे तीन-चार आठवडे मोकळे सापडतात. तिकडे तेव्हा थंडी सरत आलेली असते आणि वादळांचा हंगाम सुरू व्हायला अवकाश असतो.

गणेशोत्सव याच दिवसांत येतो. ज्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात, त्यांनी घरचे सण सोडून जाण्याचे कारण नाही. महालक्ष्म्या उठल्यावर निघावे, गाळप तेव्हाही चालूच असते. बाकीच्यांना तिथल्या मराठी मंडळींचा गणपती आणि समुद्रकाठचे विसर्जन पाहायला मिळेल. उसाला त्या आठवड्यात पाण्याची पाळी कोण देईल, जनावरे कोण पाहील, हे सालदाराशी किंवा भावाशी बोलून आधी पक्के करावे. शेत वाऱ्यावर सोडून गेलेल्या माणसाचे परदेशात चित्त लागत नाही.

कागदपत्रे

पासपोर्टला सहा महिने आधी हात घालावा. अर्ज ऑनलाइन भरून वेळ घ्यावी लागते. प्रौढ माणसाच्या साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे आणि तो दहा वर्षे चालतो. आपल्याकडे खरी अडचण येते ती नावाची. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, बँकेत तिसरे. कुठे 'राव' लागलेला, कुठे गळलेला. आधी हे सारे कागद एका ओळीत आणा, मगच अर्ज करा. पोलीस चौकशीला माणूस येईल, तेव्हा गावात हजर राहा.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येऊ शकतो. त्याने घाबरू नये. तो शेरा ठरावीक अठरा देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. मॉरिशस त्या यादीत नाही आणि आपण नोकरीला जातही नाही.

मॉरिशसला फिरायला जाणाऱ्या भारतीयाला आधी व्हिसा काढून ठेवावा लागत नाही. मात्र उतरल्यावर अधिकारी चार गोष्टी पाहू शकतात: परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचे आरक्षण, खर्चापुरते पैसे आणि पुरेशी मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट. शिवाय एक प्रवासी फॉर्म निघण्यापूर्वी ऑनलाइन भरायचा असतो. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी आणि निघण्याच्या आठवड्यात असे दोनदा सरकारी माहिती पाहून घ्यावी. या कागदांच्या तीन प्रती काढा. एक पिशवीत, एक अंगावर, एक घरी.

पैसा

पीककर्ज उचलून किंवा सोनं गहाण ठेवून परदेश पाहू नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो. दोन हंगामांच्या ऊस बिलांतून थोडे थोडे बाजूला काढावे, आणि तेवढे जमेपर्यंत तिकीट काढू नये. रकमेचे तीन भाग करा. पहिला भाग जाण्यायेण्याचा आणि विम्याचा. दुसरा तिथल्या राहण्या-खाण्याचा. तिसरा अडीअडचणीचा, तो शक्यतो जसाच्या तसा परत यावा. प्रवासाचा आरोग्य विमा टाळू नका. परक्या देशात दवाखान्याचे बिल साऱ्या वारीपेक्षा मोठे होऊ शकते.

तिथल्या नाण्यालाही रुपयाच म्हणतात आणि इथेच माणूस फसतो. त्यांचा रुपया आपल्यापेक्षा जड आहे. पाटीवरचा आकडा पाहून 'स्वस्त दिसते बाप्पा' म्हणण्याआधी त्या दिवशीचा दर लावून हिशेब करावा. बँकेत जाऊन आपले कार्ड परदेशात चालेल असे करून घ्यावे आणि थोडी रोकड जवळ ठेवावी.

सामान

कपडे थोडे, स्वेटर एक, मजबूत बूट, नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या काही गोळ्यांना तिथे आधी परवानगी लागते, तेव्हा आपल्या डॉक्टरांना दाखवून यादी तपासा. अमली पदार्थांविषयी तिथला कायदा फार कडक आहे. "आमच्या पाहुण्याले एवढी पुडी द्या" म्हणून कोणी बंद पार्सल दिले, तर हात जोडून नाही म्हणा. खर्रा घरीच ठेवा.

ऊस उत्पादकाने आणखी एक ध्यानात ठेवावे. उसाचे कांडे, बेणे किंवा माती तिकडे नेण्यास बंदी आहे, आणि तिकडचे बेणे इकडे परवान्याशिवाय आणणेही कायद्याने चालत नाही. चांगली जात दिसली म्हणून डोळा खिशात घालून आणण्याचा मोह नको. एका कांड्याबरोबर येणारा रोग साऱ्या कार्यक्षेत्राला पुरतो. निघताना आणि परतताना बुटांची माती धुवावी.

सात दिवस कसे घालवावेत?

मुंबईचे विमान गाठायला बडनेरा किंवा अकोल्याहून रात्रीची गाडी सोयीची. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवाही सुरू झाली. कशानेही जा, पण मुंबईत एक दिवस आधी पोचा.

बेटावर मुक्काम एकाच ठिकाणी ठेवावा. रोझ हिल, क्वात्र बोर्न किंवा क्युरपिप ही गावे मेट्रो गाडीच्या मार्गावर आहेत आणि मध्यावर पडतात. समुद्रकाठच्या महागड्या हॉटेलापेक्षा गावातली साधी खोली बरी. पहिला दिवस विश्रांतीचा.

दुसऱ्या दिवशी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट पाहावा. मजूर जिथे उतरवले जात, ती दगडी इमारत १८४९ साली उभारली. २००६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिसऱ्या दिवशी बो प्लां येथे जुन्या साखर कारखान्यातच केलेले साखरेचे संग्रहालय. बंद कारखान्याचेही काही करता येते, हे तिथे दिसेल. चौथ्या दिवशी बसने पूर्वेकडे फ्लाक भागात जावे. शेतांत काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतील. उसासाठी जमीन मोकळी करताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले ते दगड आहेत. पाचव्या दिवशी मोका येथील महात्मा गांधी संस्था. तिथे मराठी शिकवली जाते आणि करारावर आलेल्या मजुरांची जुनी दप्तरे जपली आहेत. सहावा दिवस पश्चिमेकडील कास्कावेल गावासाठी, जिथे मराठी वस्ती जुनी आहे. सातवा दिवस मोकळा ठेवावा. ज्याच्याशी बोलणे अर्धे राहिले, त्याच्याकडे पुन्हा जाण्यासाठी. कोणती जागा कोणत्या वारी बंद असते, ते आधी विचारून क्रम मागेपुढे करावा.

जेवणाची चिंता नको. रस्त्यावर मिळणारी दाल पुरी आपल्या पुरणपोळीची तिखटमिठातली बहीण म्हणावी अशी असते. भाषेचे म्हणाल तर कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये आणि बोलणे क्रिओलमध्ये. सकाळी भेटल्यावर 'बोंझूर' म्हणावे. हिंदी समजणारी माणसे बरीच भेटतात. खेड्यातल्या बस संध्याकाळी लवकर कमी होतात, म्हणून उजेडात परतावे. घरी रोज ठरल्या वेळी फोन करावा; तिथले सात म्हणजे आपले साडेआठ. आपल्या उच्चायुक्त कार्यालयाचा पत्ता पोर्ट लुईमध्ये आहे, तो लिहून घरीही द्यावा.

बांधावर काय विचारावे?

फडात शिरण्याआधी मालकाची परवानगी घ्या. कारखाना पाहायचा असेल, तर महिनाभर आधी पत्र पाठवा आणि आपण सभासद असल्याचे आपल्या कारखान्याचे इंग्रजी पत्र सोबत न्या. मोबाइलने फोटो काढण्यापूर्वीही विचारा. आणि मग हे प्रश्न पुढे करा: ऊस तोडतो कोण, यंत्र की माणूस? पैसे वजनावर मिळतात, की उताऱ्यावर? बगॅसच्या विजेचा वाटा शेतकऱ्याला मिळतो काय, आणि हिशेब कोण दाखवतो? जवळचा कारखाना बंद झाला, तेव्हा ऊस किती लांब न्यावा लागला आणि ते भाडे कोणी भरले? ज्याने ऊस सोडला, त्याने त्या जमिनीत काय लावले? तुमचा मुलगा शेती करील काय?

शेवटच्या प्रश्नाला तिथला म्हातारा काय उत्तर देतो, ते नीट ऐका. आपल्याकडेही तोच प्रश्न घरोघरी आहे.

रात्री झोपण्यापूर्वी वहीत दोन पाने लिहावीत. आठवणीच्या भरवशावर राहिले, की गावी येईपर्यंत समुद्र तेवढा लक्षात राहतो आणि आकडे पुसले जातात.

शेवटी एवढेच

महात्मा गांधी १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना मॉरिशसला थांबले होते. मुक्काम तीन आठवड्यांच्या आतला होता, पण तिथल्या मजुरांची स्थिती त्यांनी नीट पाहिली. १९०७ साली त्यांच्याच प्रेरणेने मणिलाल डॉक्टर हे वकील त्या मजुरांची बाजू मांडायला तिथे गेले. थोडे दिवस पुरतात, पाहणाऱ्याची नजर तयार पाहिजे.

आपल्यापैकी कोणी या पोळ्यानंतर नाही, तर पुढच्या पोळ्यानंतर जायचे मनात धरले असेल, तर आजच पासपोर्टच्या कागदांवरची नावे जुळवायला घ्यावी आणि आपला प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून शेतकी विभागात येऊन बोलावे. परत आल्यावर गटसभेत अर्धा तास उभे राहून, काय पाहिले ते सांगावे. समुद्र कसा होता, हे घरच्यांना सांगा. सभेत आम्हांला तिथल्या दोन एकरवाल्याचा हिशेब सांगा.

जय सहकार!